मावळचे ढग आणि विमानाची वाट

मुंबईच्या जुहूपासून कर्नाटकातील बेळ्ळारीपर्यंत नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली, तर ती कोठून जाते हे कोणीही घरी बसून पाहावे. खाडी ओलांडून ती कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात शिरते, सह्याद्री चढते, राजगड आणि तोरणा यांच्या आसपासचा मुलूख कापते, आणि भोर गावाच्या थोड्याशा पश्चिमेकडून नीरेच्या खोऱ्यात उतरते. १९३२ साली टाटांचे हवाई टपाल सुरू झाले तेव्हा मुंबईहून मद्रासकडे जाणाऱ्या विमानाचा पहिला मुक्काम बेळ्ळारी हाच होता. हिंदुस्थानच्या पहिल्या स्वदेशी विमानवाटेची सरळ रेघ गुंजण मावळ आणि हिरडस मावळ यांच्या माथ्यावरून ओढली गेली होती, ही गोष्ट भोर-वेल्ह्यातल्या लोकांनाही सहसा ठाऊक नसते. या दोन तालुक्यांत आजही विमानाची धावपट्टी नाही. परंतु धावपट्टी नसलेल्या मुलखाचाही विमानविद्येच्या इतिहासाशी संबंध असतो. तो संबंध आभाळाचा आहे, आणि आजचे विवेचन त्याविषयीच आहे.

प्रथम एक घोटाळा दूर करतो. खंडाळ्याच्या ज्या घाटातून १८६३ साली आगगाडी वर आली त्याला इंग्रजी कागदपत्रांत भोर घाट म्हटलेले आढळते. आपण त्याला बोरघाट म्हणतो. तो घाट निराळा, आणि पंतसचिवांचे भोर निराळे. आपल्या भोरातून कोकणात उतरायचे तर वरंध घाट आहे, आणि वेल्ह्याच्या बाजूने मढे घाट. या दोन्ही वाटा पावसाळ्यात कशा असतात हे ज्याने पाहिले असेल त्याला पुढचा विषय समजावून सांगावा लागणार नाही. खाली कोकणात ऊन असते आणि माथ्यावर दहा हातांवरचे माणूस दिसत नाही. माथा ओलांडून पूर्वेकडे चार कोस आले की पुन्हा ऊन.

भोर संस्थानची रचना या दृष्टीने मोठी मनोरंजक होती. राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण सचिवांकडे आलेला हा मुलूख ८ मार्च १९४८ रोजी मुंबई राज्यात विलीन झाला. तोवर त्याच्या तालुक्यांना किल्ल्यांची नावे होती: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड, आणि जोडीला पवनमावळ. प्रचंडगड म्हणजे तोरणा, विचित्रगड म्हणजे रोहिडा. यांपैकी सुधागड घाटाच्या खाली, कोकणात. म्हणजे एकाच राजाच्या अंमलाखाली सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंची आभाळे होती. वेल्हे तालुक्यास आता राजगड हे नाव देण्यात आले आहे ते पाहून कित्येकांना नवल वाटले. संस्थानी दप्तर पाहिलेल्यांना ते तितकेसे नवे वाटले नसेल.

या मुलखातल्या शेतकऱ्याला हवामानाचे वर्तमान पूर्वी कोण देत असे? पंचांग देत असे. मृगाचे वाहन कोणते, आर्द्राचे कोणते, बेडूक की गाढव की म्हैस, यावरून पावसाचा अंदाज बांधीत. सहदेव-भाडळीचे ठोकताळे तोंडपाठ असणारी माणसे गावोगाव होती. त्या ज्ञानाची थट्टा करण्याचे मला कारण दिसत नाही. भाताचे तरवे केव्हा टाकावे एवढ्या प्रश्नापुरते ते पुष्कळ वेळा पुरे पडे. लष्करी मोहिमांचा हिशेबही तसाच ढोबळ असे. पावसाळा लागला की घोडी दाण्याला बांधायची आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे. वर्षातले चार महिने वाट बंद, हे सर्वांना मान्य होते. ज्याला पावसाळ्यातही ठरल्या वारी आणि ठरल्या वेळी सह्याद्री ओलांडायचा आहे, असा माणूस तोवर जन्मालाच आला नव्हता. तो वैमानिकाच्या रूपाने आला, आणि त्याला नक्षत्रावर विसंबून चालेना. त्याला आज सकाळी साडेआठ वाजता माथ्यावर ढग किती उंचीवर आहे हे हवे होते.

हे सांगणारे खाते तोवर आपल्याकडे पन्नासाहून अधिक वर्षांचे झाले होते. १८६४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्यास भयंकर चक्रीवादळ झाले, त्यामागोमाग १८६६ आणि १८७१ साली पाऊस हुकला, आणि सरकारला जाग आली. १८७५ साली हिंदुस्थानचे हवामानखाते स्थापन झाले आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख झाले. येथे सहज सांगण्याजोगी गोष्ट अशी, की न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमालेची मुहूर्तमेढ रोवली तीही १८७५ सालीच. दोन्ही संस्था आभाळाखालच्याच. एक पावसाळ्याचा विचार करणारी आणि दुसरी पावसाळ्यापूर्वी आटोपणारी.

या खात्याची पहिली काळजी बंदरे आणि दुष्काळ यांची होती. १८७८ पासून रोजचे हवामानपत्रक निघू लागले. १८८६ पासून मोसमी पावसाचे अनुमान जूनच्या आरंभी नियमाने प्रसिद्ध होऊ लागले. ठिकठिकाणच्या कचेऱ्यांच्या आवारात पर्जन्यमापक बसले, आणि सकाळी ठरल्या वेळी त्यातले पाणी मोजून तारेने कळविणे हा एक सरकारी नित्यक्रम झाला. या तारा शब्दांच्या नसत, आकड्यांच्या असत. पाच-पाच आकड्यांचे गट करून त्यांत वाऱ्याची दिशा, वेग, ढगांचे प्रमाण, हवेचा दाब, उष्णता, पाऊस हे सारे भरायचे. तारमास्तराला त्यातले एक अक्षर कळत नसे, आणि कळण्याची जरूरही नसे.

खात्याची मुख्य कचेरी कलकत्त्याहून पुढे सिमल्यास गेली आणि १९२८ साली पुण्यास आली. शिवाजीनगरला ती टोलेजंग दगडी इमारत उभी राहिली. आत काम हवामानाचे, पण पुणेकरांनी तिला नाव दिले ‘सिमला ऑफिस’, आणि तेच आजतागायत टिकले आहे. पुणे का निवडले, याचे एक कारण नकाशाच सांगतो. सिमल्याहून मोसमी वारा दिसत नाही. पुण्यास तो डोंगर ओलांडून दाराशी येतो. महाबळेश्वरास वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पुण्यास सातशेच्या आसपास. थोडक्या अंतरात एवढा फरक का पडतो, हे ज्याला शिकायचे आहे त्याच्यासाठी वेल्हे आणि भोर हे तालुके म्हणजे उघडी प्रयोगशाळाच होत. त्याच सुमारास, म्हणजे १९२७-२८ च्या दरम्यान, भोरजवळ भाटघरचे नवे धरण पुरे झाले. तेथे १८९२ चे जुने धरण होतेच. पाटबंधारे खात्याला या डोंगरांतल्या पावसाचा हिशेब इंच-इंच हवा होता, तर हवामानखात्याला त्याची कारणे हवी होती.

१९३० पर्यंत खात्याकडे एक नवे गिऱ्हाईक येऊन उभे राहिले होते. इंग्लंडहून कराचीपर्यंत प्रचंड हवाई जहाजे आणावीत अशी ब्रिटिश सरकारची योजना होती. त्यासाठी कराचीस अवाढव्य गोदाम उभारले गेले आणि हवामानाच्या वर्दीची तजवीज झाली. ‘आर १०१’ नावाचे ते जहाज कराचीस यायला निघाले आणि ५ ऑक्टोबर १९३० च्या पहाटे फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ वादळी वाऱ्यापावसात कोसळून जळाले. ४८ माणसे गेली. कराचीचे गोदाम रिकामेच राहिले. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या एवढ्या मोठ्या जहाजाची ही कथा. आणि नंतर दोन वर्षांनी त्याच कराचीहून जे विमान टपाल घेऊन निघाले ते एका इंजिनाचे, लाकूड-कापड-लोखंडी नळ्यांचे, शंभर मैलांच्या वेगाचे चिमुकले पुस मॉथ होते.

जे. आर. डी. टाटा यांनी १९२९ च्या फेब्रुवारीत वैमानिकाचा परवाना मिळविला होता. नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने सुचविलेली हवाई टपालाची कल्पना त्यांनी उचलून धरली. पहिले उड्डाण १९३२ च्या सप्टेंबरच्या मध्यावर व्हावयाचे होते. पण त्या वर्षी पाऊस लांबला आणि जुहूचे मैदान चिखलात बुडून राहिले, म्हणून मुहूर्त एक महिन्याने पुढे ढकलावा लागला. अखेर १५ ऑक्टोबरला टाटांनी कराचीहून विमान काढले, अहमदाबादेस बैलगाडीतून आणलेल्या पेट्रोलचे डबे भरून घेतले, आणि दुपारी जुहूस उतरले. तेथून टपालाची पुढची वाटचाल व्हिन्सेंट यांच्याकडे होती: बेळ्ळारीस रात्रीचा मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी मद्रास. तिथी पाहू गेल्यास त्या वर्षीचा दसरा होऊन जेमतेम आठवडा लोटला होता. पेशवाईतल्या सरदारांना जो नियम लागू होता, तोच पहिल्या वर्षी विमानालाही लागू पडला.

या विमानात बिनतारी यंत्र नव्हते. वाटेत मार्गदर्शक दिवे नव्हते. निघताना मिळालेली वर्दी हीच अखेरची वर्दी. त्यानंतर पुढे काय वाढून ठेवले आहे ते वैमानिकाने डोळ्यांनी पाहायचे आणि आपल्या मनाशी ठरवायचे. जुहूहून निघालेल्या विमानाला पाऊण तासात सह्याद्रीचा माथा आडवा येई. तोरण्याची उंची समुद्रसपाटीपासून ४,६०३ फूट आहे, सिंहगडाची सुमारे ४,३०० फूट. विमान याहून पुष्कळ उंच जाऊ शके, त्यामुळे निरभ्र दिवशी हे किल्ले उपयोगाचेच, कारण खुणा पाहून वाट काढण्याच्या त्या काळात राजगडाची माची आणि तोरण्याची लांबण यांच्यासारखी दुसरी ठळक खूण नाही. परंतु हे माथे ढगात गेले की तीच खूण वैरी होते. अशा वेळी माथ्यापलीकडे आभाळ उघडे आहे की नाही, एवढा एकच शब्द खालच्या माणसाला हवा असतो, आणि तो सांगायला कोणी नसे.

पावसाळ्यात टाटांच्या मंडळींनी काय केले? १९३३ साली त्यांनी आपले सगळे बिऱ्हाड पुण्यास हलविले. बिऱ्हाड म्हणजे दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन मिस्त्री. येरवड्याच्या तुरुंगाच्या सावलीत एक मैदान होते, तेथे विमाने उतरू लागली. जुहूची जमीन भरतीच्या आणि पावसाच्या पाण्याने पावसाळाभर निकामी होई हे त्याचे कारण. याचा परिणाम असा झाला, की पावसाळ्यापुरता जुहू-बेळ्ळारी हा मावळावरचा टप्पा आपोआप मोडला. पुण्याहून दक्षिणेकडे जाणारे विमान भोरच्या पूर्वेकडून, पर्जन्यछायेतल्या उघड्या आभाळातून जाऊ शके. अहमदाबादकडून पुण्यास येताना घाट चढणे मात्र चुकत नसे. आणि तरीही पहिल्या वर्षात या टपालाने वेळ चुकविली नाही. सव्वा-दीड लाख मैलांच्या वर उड्डाण झाले, दहा टनांहून अधिक टपाल गेले, आणि नागरी विमानखात्याच्या अहवालात त्या नियमितपणाची वाखाणणी झाली. या यशाचे श्रेय वैमानिकांच्या धाडसाला देण्याची प्रथा आहे. ते धाडस खरेच होते. पण मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो जुहू सोडून येरवड्यास जाण्याचा निर्णय. कोणती जमीन कोणत्या महिन्यात उतरण्याजोगी नाही हे आधी ओळखणे, यालाच पुढे धावपट्टीची माहिती असे भारदस्त नाव मिळाले.

ती माहिती द्यायची कशी, याची रीत हळूहळू बसत गेली. आरंभी सारा कारभार नजरेचा होता. मैदानाच्या कडेला काठीवर कापडी पिशवी बांधायची, ती कोणीकडे फुगते त्यावरून वैमानिकाला वारा कळे. वारा पडला असला की ओला पाला पेटवून धूर करायचा. जमिनीवर चुन्याने मोठे वर्तुळ आणि गावाचे नाव काढायचे. पांढऱ्या फळ्यांचा इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा आकार ठेवायचा, त्यावरून कोणत्या अंगाने उतरायचे ते वरून समजे. ही भाषा सर्व जगाची एकच होती. पाहिली तर ती आपल्या गुराख्यालाही समजावी इतकी सोपी.

पुढे पक्की धावपट्टी आली आणि तिला आकडा मिळाला. हा आकडा म्हणजे काय हे पुष्कळ प्रवाशांना ठाऊक नसते म्हणून सांगतो. होकायंत्रावर उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे अंश मोजायचे आणि शेवटचे शून्य सोडून द्यायचे. पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या धावपट्टीचे एक टोक १० आणि दुसरे २८. १० म्हणजे शंभर अंश, जवळजवळ पूर्वेकडे तोंड. २८ म्हणजे दोनशे ऐंशी अंश, पश्चिमेकडे तोंड. विमानाने वाऱ्याच्या तोंडावर उतरावे आणि वाऱ्याच्या तोंडावरच उडावे, कारण त्यामुळे त्याला जमीन थोडी लागते. आपल्याकडे पावसाळाभर वारा पश्चिमेचा, म्हणून लोहगावची पट्टी पूर्व-पश्चिम. मोसमी वारा ज्या मढे घाटावरून येतो तोच वारा तासाभराने लोहगावच्या पट्टीची दिशा ठरवितो, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. लोहगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेएकोणीसशे फूट उंच आहे. उंचीवर हवा विरळ, आणि एप्रिल-मेच्या दुपारी उन्हाने आणखी विरळ. विरळ हवेत पंख कमी उचलतात, म्हणून तेच विमान जुहूपेक्षा पुण्यास अधिक धावते. लोहगावची पट्टी अडीच हजार मीटरांहून लांब आहे ती काही केवळ हौसेने नव्हे.

लोहगावचा तळ १९३९ च्या सुमारास, महायुद्धाच्या तोंडावर झाला. त्याच वर्षी राजाराम महाराजांनी कोल्हापुरास विमानतळ सुरू केला. १९५५ साली कोयना प्रकल्पाच्या सोयीसाठी कऱ्हाडास धावपट्टी झाली. म्हणजे भोरच्या दक्षिणेस आणि ईशान्येस विमाने उतरू लागली, आणि मधला डोंगराळ पट्टा फक्त ओलांडण्यापुरता राहिला. युद्धाने हवामानखात्याचा कायापालट केला हे खरे. मुख्य कचेरी १९४४ साली दिल्लीस गेली. तरी पुण्यातली यंत्रशाळा आणि आकड्यांचे भांडार पुण्यातच राहिले. १९४८ साली अ‍ॅना मणी यांनी येथे काम सुरू केले आणि परदेशांतून आणावी लागणारी मापके देशात बनविण्याचे काम मार्गी लावले. वाऱ्याचा वेग उंचावर किती आहे हे पाहण्यासाठी हायड्रोजनचा फुगा सोडून थिओडोलाइटने त्याचा माग काढायचा, ही युक्ती तर पहिल्या महायुद्धाच्या काळापासून आग्र्याच्या वेधशाळेत रूढ होती. तिची उणीव एकच: फुगा ढगात शिरला की दिसेनासा होतो. ज्या दिवशी वैमानिकाला वाऱ्याची बातमी सर्वांत अधिक हवी, नेमक्या त्याच दिवशी ती मिळत नाही.

या सर्व आकड्यांत हवेच्या दाबाचा एक आकडा असा आहे की तो चुकला तर माणसे मरतात. विमानातले उंचीमापक वस्तुतः वायुभारमापकच असते. एक मिलिबार दाब कमी झाला की ते सुमारे तीस फूट चढलो असे दाखविते. जगाने ठरविलेला प्रमाण दाब १,०१३ मिलिबार. जुलैत मुंबईस समुद्रसपाटीचा दाब एक हजार तीन-चारच्या आसपास उतरतो. म्हणजे वैमानिकाने यंत्र प्रमाण दाबावर ठेवले आणि खालून आजचा दाब विचारून घेतला नाही, तर तो जेवढा उंच आहे असे यंत्र सांगते त्याहून तो पावणेतीनशे फूट खाली असतो. मोकळ्या समुद्रावर हे एक वेळ चालेल. सह्याद्रीत किंवा मुंबईच्या टेकड्यांत चालत नाही. म्हणून उतरण्यापूर्वी वैमानिक सर्वांत आधी दाब विचारतो, वारा विचारतो, मग बाकीचे.

या मुलखातल्या आभाळाने घेतलेले बळी सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. १२ जुलै १९४९ रोजी डच कंपनीचे एक विमान भर पावसात सांताक्रूझला उतरू पाहत असता घाटकोपरजवळच्या टेकडीवर आदळले. ४५ माणसे गेली आणि त्यांत अमेरिकेचे तेरा पत्रकार होते. ती टेकडी पावणेसातशे फुटांची. ७ जुलै १९६२ च्या रात्री इटलीचे जेट विमान मुंबईस उतरण्यासाठी खाली येत होते. ते मुंबईपासून पन्नास मैलांवर, आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नरच्या डोंगरात धडकले. सगळेच्या सगळे ९४ जण मृत्युमुखी पडले. वैमानिक वेळेआधी खाली उतरला आणि खालचा डोंगराळ मुलूख त्याच्या परिचयाचा नव्हता, असे चौकशीत निघाले. आणि ४ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्याहून मुंबईस निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान पनवेलजवळच्या डोंगरावर आदळून ४५ जण गेले. पुणे-मुंबई हा प्रवास तो किती! पण तिन्ही अपघात पावसाळ्यातले आहेत आणि तिन्ही विमाने डोंगरावर गेलेली आहेत, हे ध्यानात घ्यावे. पहिले विमान त्या काळचे उत्तम होते, दुसरे तर जगातल्या सर्वोत्तमांपैकी. सह्याद्रीचा माथा आणि त्यावर टेकलेला ढग यांना विमानाच्या किमतीशी कर्तव्य नसते.

वेल्ह्याच्या पावसाची किंमत जमिनीवर राहणाऱ्या पुणेकरांनी मोजली ती १२ जुलै १९६१ रोजी. पानशेत हे वेल्हे तालुक्यातले गाव. तेथे आंबी नदीवरचे धरण पुरे होण्यापूर्वीच त्या वर्षीच्या जोरदार पावसाने भरू लागले आणि त्या दिवशी सकाळी फुटले. पाठोपाठ खडकवासला फुटले, आणि दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या दिवसाचे वर्णन पुष्कळांनी केले आहे, ते येथे पुन्हा करीत नाही. माझा मुद्दा निराळा आहे. पुण्यास तेव्हा जगातल्या मोठ्या हवामान-कचेऱ्यांपैकी एक होती. असे असूनही डोंगरात चाळीस-पन्नास किलोमीटरवर काय चालले आहे, हे शहरातल्या सामान्य माणसाला पाणी दारात आल्यावर कळले. वर्दी तयार करणे हे एक काम आहे आणि ज्याला ती हवी त्याच्या कानावर वेळेत घालणे हे दुसरे. वैमानिकांच्या जगाने हे दुसरे काम आधी शिकून घेतले, कारण तेथे उशिरा आलेल्या वर्दीला काहीच अर्थ नसतो.

ते कसे शिकले? १९४४ साली शिकागो येथे राष्ट्रांचा करार झाला, आणि त्यानंतर विमानांसाठी हवामानाची वर्दी कोणत्या शब्दांत आणि किती वेळाने द्यायची याचे नियम सर्व जगासाठी एक झाले. धावपट्टीवर खड्डा पडला, दिवा बंद झाला, गवत कापण्याचे काम चालू आहे, अशा बारीकसारीक गोष्टींसाठी ‘नोटॅम’ नावाची सूचना निघू लागली. हवामानासाठी १९६० नंतरच्या दशकात ‘मेटार’ ही वर्दी रूढ झाली. तिचा नमुना पाहा. आरंभी ठिकाणाची चार अक्षरे, पुण्याची व्ही-ए-पी-ओ. मग तारीख आणि ग्रिनिचची वेळ, त्यात साडेपाच तास मिळविले की आपली वेळ. मग वारा: २६०१२ असे लिहिले असेल तर वारा दोनशे साठ अंशांवरून, म्हणजे पश्चिमेकडून, बारा नॉट वेगाने. मग दृष्टिपथ मीटरांत. मग ढग: आभाळाचे आठ भाग कल्पून त्यांतले किती झाकले आहेत आणि ढगाचा तळ किती फुटांवर आहे. मग उष्णता, दवबिंदू, आणि शेवटी तो प्राणघातक दाबाचा आकडा. सारी वर्दी एका ओळीत मावते. पाच-पाच आकड्यांच्या जुन्या तारेचीच ही नात म्हणायची.

वेधशाळेने पाऊस सांगितला म्हणजे छत्री घरी ठेवावी, असा विनोद आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत. मेटारवर तो लागू पडत नाही, कारण मेटार भविष्य सांगतच नाही. एका माणसाने किंवा यंत्राने, एका ठिकाणी, आत्ता काय पाहिले तेवढेच ती सांगते. तिची मर्यादाही हीच. लोहगावची वर्दी लोहगावपुरती असते. लोहगावास ढगाचा तळ तीन हजार फुटांवर आहे असे ती सांगते तेव्हा तो आकडा धावपट्टीपासून मोजलेला असतो. समुद्रसपाटीपासून तो पाच हजारांच्या जवळपास गेला. आता तोरण्याचे ४,६०३ फूट आठवा. हिशेबाने माथा ढगाखाली राहिला पाहिजे. प्रत्यक्षात समुद्रावरून आलेली ओली हवा घाट चढताना थंड होते आणि तेथे ढगाचा तळ कित्येक वेळा माथ्याच्याही खाली येतो. लोहगावची वर्दी खरी असते, वैमानिकाची बेरीज बरोबर असते, आणि डोंगर ढगातच असतो. मोठी विमाने आज या पातळीच्या पुष्कळ वरून जातात आणि उपकरणांच्या आधारे उतरतात, त्यांना याची क्षिती नाही. हा प्रश्न लहान विमानांचा आहे: शिकाऊ वैमानिकांची, रुग्णाला घेऊन निघालेल्यांची, पुढाऱ्यांना सभेला पोहोचविणारी हेलिकॉप्टरे. ती खालून जातात आणि डोळ्यांनी पाहून जातात. ज्या लहान धावपट्टीवर उतरायचे तेथे पुष्कळदा स्वतःची वेधशाळा नसते. तेथे शेजारच्या मोठ्या तळाची वर्दी घ्यायची आणि बाकीचे खाली असलेल्या माणसाला विचारायचे. १९३२ च्या बेळ्ळारीपासून यात फार मोठा फरक पडला आहे असे नाही.

मधल्या डोंगराळ पट्ट्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष गेले ते याच अडचणीतून आणि पावसाच्या जुन्या कोड्यातून. १९६२ साली पुण्यात उष्णप्रदेशीय हवामानाची संशोधन संस्था निघाली. पाषाणला तिची इमारत आहे. या संस्थेने २०१२ साली महाबळेश्वरास ढगांची प्रयोगशाळा थाटली. तेथे ढग आभाळात शोधावा लागत नाही. पावसाळ्यात तो खिडकीतून आत येतो, आणि त्यातल्या थेंबांचे आकार तेथेच मोजता येतात. आणि त्याच दशकात संस्थेचे एक रडार मांढरदेवच्या डोंगरावर उभे राहिले. मांढरदेव वाई तालुक्यातले खरे, पण भोरहून निघालेली घाटाची वाट तेथेच जाते आणि काळूबाईच्या जत्रेला भोरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या तीच वाट चढत आली आहेत. समुद्रसपाटीपासून सुमारे तेराशे मीटर उंचीवरून हे रडार आपली किरणे सभोवार फिरविते. रायरेश्वर, रोहिडा, राजगड, तोरणा ही सारी रांग त्याच्या टप्प्यात येते. कोकणातून चढणारा ढग माथ्यावर कोठे फुटतो, त्यातला पाऊस कोणत्या खोऱ्यात पडतो, आणि पूर्वेकडे सरकताना तो किती मिनिटांत ओसरतो, याच्या नोंदी त्याने ठेवल्या आहेत. पुस मॉथच्या वैमानिकाला जुहूच्या चिखलात उभे राहून मनात जो प्रश्न विचारावा लागे, त्याच्या उत्तराचे आकडे आता भोरच्या डोक्यावरच्या एका डोंगरातून येऊ शकतात.